यंत्रवेडी मुले

दिग्रस गावातील वयोवृद्ध माणसांना 'शकुंतला' गाडीविषयी विचारून पाहा. दिग्रसहून दारव्ह्यास गेले म्हणजे ही गाडी दृष्टीस पडत असे. मूर्तिजापूर आणि यवतमाळ यांच्या दरम्यान, अडीच फूट रुंदीच्या अरुंद रुळांवरून ती डुलत डुलत धावे. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. गाडी स्थानकात येऊन थांबली की, बहुतेक मुले डब्यात जागा धरण्यासाठी धावत. पण एखादा मुलगा मात्र इंजिनापाशीच खिळून राही. ही दांडी ओढली म्हणजे वाफ कोठे जाते? एवढी अवजड चाके कशाने फिरतात? गाडीने रूळ बदलला तो कोणाच्या आज्ञेने? अशा प्रश्नांनी त्याला घेरलेले असे, आणि जागा गेल्याबद्दल त्याला घरच्यांची बोलणी खावी लागत.

अशी मुले प्रत्येक गावात असतात. घरातील घड्याळ उघडून पाहिल्यावाचून त्यांना चैन पडत नाही. वडीलमाणसे त्यांच्यावर रागावतात, आणि तो राग अगदीच अकारण नसतो; कारण उघडलेले प्रत्येक घड्याळ पुन्हा चालू होतेच असे नाही! या पाठात आपण अशाच काही यंत्रवेड्या मुलांची हकीकत वाचणार आहोत. योगायोग असा की, त्यांच्या वेडाचा आरंभही एका लहानशा आगगाडीपासूनच झाला.

अमेरिकेतील बॉस्टन शहराजवळ केंब्रिज येथे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही तंत्रविद्येची नामांकित संस्था आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे घाईघाईने एक लाकडी इमारत उभारण्यात आली होती. तिला नावही नव्हते; 'इमारत क्रमांक वीस' एवढीच तिची ओळख. युद्ध संपल्यावर, १९४६ च्या सुमारास, विद्यार्थ्यांच्या एका मंडळाने या इमारतीत आपले बस्तान बसविले. छोट्या आगगाड्यांच्या प्रतिकृती तयार करणे आणि त्या चालविणे हा या मंडळाचा छंद होता. एका विस्तीर्ण मेजावर त्यांनी रूळ, पूल, डोंगर आणि वस्ती यांची एक चिमुकली सृष्टीच निर्माण केली.

या मंडळात दोन प्रकारचे विद्यार्थी होते. काहींना डबे रंगविणे, झाडेझुडपे मांडणे आणि खऱ्या आगगाडीचे हुबेहूब रूप साधणे यात गोडी वाटे. दुसऱ्यांचे चित्त मेजाच्या वर नसून मेजाच्या खाली असे. तेथे तारांचे दाट जाळे पसरलेले होते. टेलिफोनच्या कामातून निघालेली जुनी उपकरणे मिळवून या विद्यार्थ्यांनी एक अशी योजना उभारली होती की, एकाच वेळी अनेक गाड्या वेगवेगळ्या रुळांवरून, परस्परांवर न आदळता, चालविता याव्यात. कोणती कळ दाबली असता कोणता रूळ बदलेल, हे सारे त्या तारांच्या जाळ्यात ठरलेले असे. एखादी तार चुकली तर हे विद्यार्थी तहानभूक विसरून मेजाखाली सरपटत, आणि चूक सापडेपर्यंत तेथून हलत नसत.

एखादे काम केवळ ते करण्यातील आनंदासाठी हाती घ्यावे आणि ते अशा युक्तीने तडीस न्यावे की, पाहणाऱ्याने थक्क व्हावे, अशा कृतीला ही मुले आपल्या बोलीत 'हॅक' म्हणत. असे काम करणारा तो 'हॅकर'. आज हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे दुसऱ्याच्या यंत्रात शिरणारा चोर उभा राहतो. परंतु प्रारंभी तो शब्द कसबी आणि कल्पक विद्यार्थ्याचा गौरव करणारा होता. त्याचा अर्थ असा कसा पालटला, हे पुढे येईलच.

त्या काळी संगणक म्हणजे एक खोली भरून टाकणारे, लक्षावधी रुपये किमतीचे यंत्र होते. संस्थेतील मोठा संगणक काचेच्या भिंतीआड ठेवलेला असे. विद्यार्थ्याने आपल्या आज्ञा छिद्रांच्या रूपाने कार्डांवर उमटवावयाच्या, ती कार्डे तेथील सेवकाच्या स्वाधीन करावयाची आणि उत्तराची वाट पाहत बसावयाचे. एखादे छिद्र चुकीच्या जागी पडले असेल तर पुन्हा सारे प्रथमपासून! ज्यांना प्रत्येक तार स्वतः हाताळून पाहण्याची सवय होती, त्या मुलांना हा दुरावा कसा सहन व्हावा?

१९५८ मध्ये टी-एक्स-झिरो नावाचा एक संगणक संस्थेत आला, आणि या मुलांचे भाग्य उजळले. जॅक डेनिस नावाचे मंडळाचे एक जुने सदस्य आता संस्थेत काम करीत होते. त्यांनी मुलांना त्या यंत्राचा वापर करण्याची मुभा दिली. येथे काचेची भिंत नव्हती. टंकलेखन यंत्रावर आज्ञा लिहाव्यात, त्या छिद्रांच्या रूपाने कागदी फितीवर उमटाव्यात, ती फीत आपल्याच हाताने यंत्रात घालावी आणि क्षणात परिणाम पाहावा! दिवसा यंत्रावर संशोधकांचा हक्क असे. म्हणून मुलांनी रात्र आपलीशी केली. एखाद्या संशोधकाने राखून ठेवलेली पहाटेची वेळ तो आला नाही म्हणून रिकामी गेली, तर ती वाया जाऊ नये यासाठी ही मुले दाराशी टपून बसलेली असत.

यांतील पीटर सॅमसन नावाच्या विद्यार्थ्याने त्या यंत्राच्या ध्वनिक्षेपकातून बाखसारख्या थोर संगीतकाराच्या रचनांचे सूर उमटविले. यंत्र खरे तर केवळ बेरजा-वजाबाक्या करण्यासाठी. पण ध्वनिक्षेपकाला मिळणारा विद्युत्प्रवाह ठराविक वेगाने चालू-बंद केला तर त्यातून ठराविक सूर निघतो, हे त्याने ओळखले होते.

सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे, या रात्रपाळीत एक मुलगा केवळ बारा वर्षांचा होता. पीटर डॉइच हे त्याचे नाव. त्याचे वडील त्याच संस्थेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. संगणकास आज्ञा कशा द्यावयाच्या याचे वर्णन त्याच्या वाचनात आले आणि तो थेट टी-एक्स-झिरोच्या खोलीत जाऊन पोहोचला. मोठ्या विद्यार्थ्यांनी प्रथम या चिमुरड्याकडे कौतुकाने पाहिले. पण आज्ञावली लिहिण्यात तो आपल्या बरोबरीचा आहे, हे ध्यानी येताच त्यांनी त्याला आपल्यात सामावून घेतले. वय, पदवी अथवा हुद्दा यांना त्या खोलीत किंमत नव्हती. तुम्ही काय करून दाखविता, एवढेच तेथे विचारले जाई. हाच मुलगा पुढे नामवंत संगणकतज्ज्ञ झाला.

या मुलांना कोणत्या गोष्टीची ईर्षा वाटे, हे एका उदाहरणावरून समजेल. संगणक सर्व संख्या केवळ शून्य आणि एक या दोन अंकांत साठवितो. आपली तेरा ही संख्या त्याच्या लेखी ११०१ अशी असते. ती पुन्हा आपल्या ओळखीच्या दशमान अंकांत छापावयाची, तर त्यासाठी काही आज्ञा लागतात. त्या यंत्राची स्मरणशक्ती फार तोकडी होती. म्हणून हे काम कमीत कमी आज्ञांत कोण करून दाखवितो, अशी चुरस लागली. एकेक आज्ञा वाचविण्यासाठी मुले रात्ररात्र डोके खाजवीत. पुष्कळांची मजल पन्नास आज्ञांपर्यंत येऊन थांबली. अखेर एका अबोल विद्यार्थ्याने ते काम ४६ आज्ञांत बसविले, आणि इतरांनी मोकळ्या मनाने त्याची पाठ थोपटली. या चुरशीत बक्षीस नव्हते, गुण नव्हते, वर्तमानपत्रात नाव येणार नव्हते. थोडक्यात आणि नेटके साधले, हाच आनंद.

१९६१ मध्ये संस्थेत पीडीपी-वन हा नवा संगणक आला. त्याला चित्रे दाखविणारा पडदा होता. स्टीव्ह रसेल आणि त्याच्या सोबत्यांनी १९६२ मध्ये त्यावर 'स्पेसवॉर' नावाचा खेळ निर्माण केला. पडद्यावर दोन अवकाशयाने एकमेकांचा पाठलाग करीत. मग एकाने सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाची भर घातली. त्यामुळे याने सूर्याकडे ओढली जाऊ लागली. सॅमसनला पाठीमागचे मनास येईल तसे मांडलेले तारे खटकले. त्याने खऱ्या आकाशाचा नकाशा घेऊन तारे जेथल्या तेथे बसविले. यंत्रावरील बटणे दाबून खेळणाऱ्यांचे हात दुखू लागले, तेव्हा आणखी कोणी खेळण्यासाठी निराळ्या हातपेट्या तयार केल्या. खेळाची फीत एका खणात ठेवलेली असे. ज्याला वाटेल त्याने ती घ्यावी, पाहावी, सुधारावी आणि पुन्हा तेथे ठेवावी. ज्ञान कुलपात ठेवल्याने कुजते आणि वाटल्याने वाढते, अशी त्यांची श्रद्धा होती.

इतके वाचून, या मुलांचे सारेच वर्तन अनुकरणीय होते असे मात्र कोणी समजू नये. वेड ही दुधारी वस्तू आहे. रात्री यंत्रापाशी जागणारी मुले दिवसा वर्गात पेंगत. रिचर्ड ग्रीनब्लाट हा त्यांच्यातील अत्यंत बुद्धिमान विद्यार्थी. पण अभ्यासाकडे दुर्लक्ष झाल्याने त्याला शिक्षण अर्धवट सोडावे लागले. पुढे त्याने लिहिलेली बुद्धिबळाची आज्ञावली माणसांच्या स्पर्धांत उतरली, हे खरे. परंतु ज्यांची वाट चुकली त्या सर्वांनाच अशी दुसरी वाट सापडते असे नाही.

याहून गंभीर दोष दुसराच होता. कुलूप दिसले की ते उघडून पाहावे, असे या मुलांना वाटे. आणि दाराच्या पलीकडे कोणा दुसऱ्याचे काम चालू असेल, याचा त्यांना विसर पडे. एके रात्री त्यांच्यापैकी काहींनी कोणालाही न विचारता पीडीपी-वनच्या पोटातील जोडणीत फेरफार केला. यंत्राला एक नवी आज्ञा कळावी, हा त्यांचा उद्देश. फेरफार कुशल होता. पण दुसऱ्या दिवशी मार्गारेट हॅमिल्टन नावाची एक तरुणी आपली हवामानाविषयीची आज्ञावली चालवू लागली, तेव्हा ती चालेना. तिने स्वतःच्या लेखनात पुन्हा पुन्हा चूक शोधली. चूक तिची नव्हतीच! रात्री कोणी तरी यंत्रच बदलून ठेवले होते. तिने तक्रार केली, आणि अशा परस्पर फेरफारांना बंदी घालण्यात आली. ज्यांना स्वतःच्या कामात कोणी अडथळा आणलेला मुळीच खपत नसे, त्यांनीच दुसऱ्याच्या श्रमांवर पाणी ओतले होते. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला, त्या अपोलो यानावरील संगणकाच्या आज्ञावली ज्या पथकाने रचल्या, त्याचे नेतृत्व याच मार्गारेट हॅमिल्टनकडे होते.

पुढे संगणक तारांनी परस्परांस जोडले गेले, आणि एका खोलीतील खोडीचा परिणाम देशभर होऊ लागला. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने एक छोटी आज्ञावली या जाळ्यात सोडली. तिने एका संगणकातून दुसऱ्यात आपण होऊन पसरत जावे, एवढीच त्याची कल्पना होती. नव्या संगणकात शिरताच ती विचारी, "माझी एखादी प्रत येथे आहे काय?" 'आहे' असे उत्तर आले तर तिने थांबावे. पण कोणी खोटेच 'आहे' म्हणून तिला अडवील, या शंकेने मॉरिसने असे ठरविले की, असे उत्तर आले तरी सातांपैकी एका वेळी तिने थांबू नये. हा हिशेब चुकला. एकेका संगणकात प्रतींवर प्रती साचत गेल्या, आणि त्या ओझ्याखाली काही तासांत सहस्रावधी संगणक ठप्प झाले. आपल्या हातून काय घडले हे कळल्यावर त्याच्या मित्राने ती थांबविण्याचा उपाय सर्वांना कळविण्याचा प्रयत्न केला. परंतु निरोप नेणारी यंत्रणाच कोलमडली होती. न्यायालयाने मॉरिसला दोषी ठरविले. दंड भरून आणि चारशे तास समाजसेवा करून त्याने आपली शिक्षा भोगली. पुढे तो प्राध्यापक झाला.

अशाच घटनांमुळे 'हॅकर' हा शब्द बदनाम झाला. आपल्या देशातही माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० या कायद्यान्वये, अप्रामाणिक हेतूने परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हा दंडनीय अपराध आहे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. केंब्रिज येथील मुले मेजाखाली तारा जोडीत होती, त्याच सुमारास मुंबईतही काही तरुण असेच झपाटले होते. डॉ. होमी भाभा यांनी स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५४-५५ च्या सुमारास संगणक बांधण्याचे ठरले. प्रमुख होते डॉ. रंगस्वामी नरसिंहन्. त्यांच्याखेरीज या लहानशा गटातील कोणीही परदेशी गेलेला नव्हता. बांधणे तर राहोच, कोणी संगणक वापरूनही पाहिलेला नव्हता! पुस्तके व लेख वाचावेत, जोडून पाहावे, चुकावे आणि पुन्हा जोडावे, अशी त्यांची शाळा. १९५६ मध्ये त्यांचे छोटे प्रायोगिक यंत्र चालू झाले, आणि १९६० मध्ये पूर्ण संगणक सिद्ध झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि त्याच्या स्मृतीत १,०२४ संख्या मावत. १९६२ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. या तरुणांचे वेड कमी प्रतीचे नव्हते. पण ते एका ठरविलेल्या कार्याला जुंपलेले होते.

आणि ज्या शकुंतला गाडीपासून आपण निघालो, तिच्या दुसऱ्या टोकाचीही एक गोष्ट आहे. मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा या खेड्यात १९४६ मध्ये विजय भटकर यांचा जन्म झाला. नागपूर येथे त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. १९८० नंतरच्या दशकात अतिवेगवान महासंगणक भारतास विकण्यास अमेरिकेने नकार दिला, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यास 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली आणि तिची धुरा डॉ. भटकर यांच्याकडे आली. एकच बलाढ्य यंत्र बांधण्याऐवजी अनेक लहान संगणकांना एकत्र जुंपून मोठे काम करवून घ्यावे, ही युक्ती त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी योजिली. अनेकांनी मिळून गोवर्धन उचलावा, तशीच ही गोष्ट. १९९१ मध्ये 'परम ८०००' हा भारताचा महासंगणक तयार झाला.

मुलांनो, पीडीपी-वनच्या स्मृतीत जेवढे मावे, त्याच्या शेकडो पट जागा आज भ्रमणध्वनीवर काढलेले एक छायाचित्र व्यापते. दिग्रसच्या एखाद्या घरात फळीवर पडलेला साधा भ्रमणध्वनीसुद्धा त्या काळच्या खोलीएवढ्या यंत्रांहून बलवान आहे. यंत्राचा तुटवडा आता उरलेला नाही. डब्यात बसून खिडकीबाहेर पाहणारे पुष्कळ आहेत; इंजिनापाशी उभे राहून "हे कसे चालते?" असे विचारणारे आजही थोडेच. तुम्ही अवश्य विचारा. यंत्र उघडावेसे वाटले तर ते आपले आहे की दुसऱ्याचे, हे आधी पाहा. दुसऱ्याचे असेल तर त्याची परवानगी घ्या. आणि उघडलेले घड्याळ पुन्हा चालू करून ठेवण्याची जबाबदारी उघडणाऱ्याचीच असते, हे विसरू नका.

शब्दार्थ

बस्तान बसविणे – मुक्काम पक्का करणे. तडीस नेणे – पूर्ण करणे. मुभा – मोकळीक. ईर्षा – चढाओढीची तीव्र इच्छा. दुधारी – दोन्ही बाजूंनी धार असलेले. धुरा – जबाबदारीचा भार. आज्ञावली – संगणकास क्रमाने दिलेल्या आज्ञांचा समूह.

अभ्यास

१. आगगाडी मंडळातील दोन प्रकारच्या विद्यार्थ्यांत कोणता फरक होता?

२. काचेच्या भिंतीआडचा संगणक आणि टी-एक्स-झिरो यांच्या वापरातील फरक सांगा.

३. मार्गारेट हॅमिल्टन यांची आज्ञावली का चालेना? यात दोष कोणाचा, ते सकारण लिहा.

४. मॉरिसचा हिशेब कोठे चुकला, ते आपल्या शब्दांत समजावून सांगा.

५. 'वेड ही दुधारी वस्तू आहे.' या विधानाच्या दोन्ही बाजू पाठातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.

६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : तहानभूक विसरणे, पाठ थोपटणे, श्रमांवर पाणी ओतणे.

७. तुमच्या गावातील एखाद्या यंत्राचे (सरकी काढण्याचे यंत्र, पिठाची गिरणी, पाण्याचा पंप) कार्य त्याच्या चालकास विचारून समजून घ्या व दहा ओळींत लिहा.